रीनासाठी आलेला निरोप

मी एम.एस्सी.ला आहे हे मला सगळ्यात आधी कळलं ते आमच्या घरी ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या एका बाईंकडून. मनवेलपाड्याच्या आमच्या दोन खोल्यांत आईचं शिलाईमशीन बाहेरच्या खोलीत खिडकीशी असायचं, आणि मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून नोकऱ्यांचे अर्ज भरत असायचे. मधे फक्त एक पडदा. मशीनची खडखड थांबली की बाहेरचं सगळं ऐकू यायचं. त्या बाई म्हणाल्या, "मुलगी एम.एस्सी. करतेय म्हणे. छान हो."  आईने पायाने मशीन पुन्हा चालू केलं, तेही कापड न लावता, नुसतंच. बाई गेल्यावर मी पडदा सारून बाहेर आले तर आई दोऱ्याचं रीळ बदलत होती. "काय सांगू मग?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "प्रत्येकजण विचारतो. शोधतेय, शोधतेय, किती महिने सांगू? शिकतेय म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही."

तोवर मी एम.एस्सी.चा अर्जसुद्धा भरला नव्हता. केमिस्ट्रीत पदवी घेऊन मला अकरा महिने झाले होते आणि त्या अकरा महिन्यांत मी काय काय केलं नव्हतं! वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतले गाळे मी दारोदार भाजी विकावी तसे हिंडले होते. बोईसरला एका कंपनीच्या गेटवर फाइल छातीशी धरून भर उन्हात चार तास उभी होते, आणि शेवटी वॉचमनने येऊन सांगितलं की आजच्यापुरतं संपलं, बायोडेटा पेटीत टाका. ती पेटी लग्नात आहेराची असते तशी होती, वर फट असलेली, आणि इतकी भरलेली की माझा कागद अर्धा बाहेरच राहिला. एका ठिकाणी केमिस्ट म्हणून बोलावलं आणि फोनवर लोकांना वॉटर प्युरिफायर विकायला बसवलं. मी तिसऱ्या दिवशी परत आले. एके ठिकाणी म्हणाले अनुभव नाही, दुसरीकडे म्हणाले फक्त मुलगे घेतो, शिफ्ट असते. बहुतेक जण मात्र काहीच म्हणाले नाहीत. आज इतक्या वर्षांनी वाटतं, नकाराचं तितकंसं काही नसतं. त्या न येणाऱ्या उत्तरांनी माणूस आतून झिजतं. फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायचे, आणि तो रिचार्जवाल्यांचा निघाला की तो हातात धरून तशीच बसून राहायचे.

बाबा संध्याकाळी सातच्या सुमारास यायचे. ते वसई पूर्वेलाच एका लहान कारखान्यात फिटर होते. नखांतलं ऑइल निघेपर्यंत मोरीत हात घासत बसायचे, आणि तिथूनच, पाण्याच्या आवाजात, विचारायचे, "काय म्हणतायत?" कोण काय म्हणतायत ते सांगायची गरज नव्हती. मी म्हणायचे, "कळवतो म्हणालेत." मग कुळथाची पिठी आणि भात, कधी सुकट, आणि टीव्हीवरच्या बातम्या. बाबांनी मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. ते ओरडले असते तर मी उलट बोलू शकले असते. पण ते ताटातला शेवटचा भात पिठीत कालवत हळूच म्हणायचे, "होईल, बाय, होईल," आणि मला ते ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटायचं.

एम.एस्सी.चा अर्ज मी भरला तो आईचं ते खोटं खरं करायला म्हणून. आमच्याच वसईच्या कॉलेजात जागा थोड्या होत्या. माझं नाव दुसऱ्या यादीत लागलं आणि शुक्रवारी चारच्या आत प्रवेश पक्का करायचा होता. फीचे हप्ते पाडून मिळत होते. प्रश्न ओरिजिनलचा होता. प्रवेश पक्का करायचा तर सगळ्या मूळ गुणपत्रिका आणि दाखले ऑफिसात जमा करायचे, आणि इकडे कोणतीही कंपनी ओरिजिनल बघितल्याशिवाय रुजू करून घेत नव्हती. म्हणजे तो गठ्ठा एकदा खिडकीतून आत गेला की नोकरीचा शोध दोन वर्षं बंद. मी बाबांना विचारलं. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाले, "शिकायचंय म्हणून शिकत असशील तर शीक. पण इथे कोणी घेत नाही म्हणून तिथे जाऊन बसणार असशील, तर दोन वर्षांनी त्याच गेटवर उभी राहशील, आणि रांगेत तुझ्याहून लहान पोरी असतील." दोन्हीपैकी कुठलं खरं ते मलाच ठाऊक नव्हतं.

आता रीनाबद्दल सांगायला हवं. तीन वर्षं कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. ती वसई गावाकडच्या होळी भागातली. तिच्या घरची वाडी होती. केळी, भाजी, मोगरा. घरात ते लोक आपापसात त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची आणि निम्मी रीनाच्या तोंडाकडे बघून समजून घ्यावी लागायची. मी गेले की तिची आई, मी तिला ॲनी आंटी म्हणायचे, पानात गुंडाळलेली सुकेळी हातावर ठेवायची, वाळवलेली गोड केळी, आणि मी खाईपर्यंत समोरून हलायची नाही. रीनाही नोकरी शोधत होती. तिच्यामागे वेगळं लचांड होतं. घरी तिच्यासाठी स्थळं येत होती आणि तिने नाताळापर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर नोकरी लागली तर विषय थांबेल, नाहीतर येईल त्या स्थळाला हो म्हणायचं. हे तिने मला एकटीला सांगितलं होतं, वसईच्या बस स्टॉपवर, चणे खात, हसत हसत. हसताना तिचे डोळे हसत नव्हते.

त्या आठवड्यात आम्ही दोघी रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. प्रयोगशाळेत केमिस्टची एकच जागा. तिथल्या देसाई मॅडमनी आमच्याकडून टायट्रेशन करून घेतलं, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडत रंग पालटला की त्याच क्षणी थांबायचं. माझा हात थरथरला आणि रंग एकदम गडद झाला. रीनाचा थेंब बरोबर जागी थांबला, फिकट गुलाबी. बाहेर येऊन फॉर्म भरताना रीनाने फोन नंबराच्या जागी माझा नंबर लिहिला. तिचा फोन दोन दिवसांपूर्वी वाडीतल्या बावखलात, म्हणजे त्यांच्या पाणी साठवायच्या तळ्यात, पडला होता. "तुझ्याकडे आला तर सांगशील ना?" ती म्हणाली. मी म्हटलं, "वेडी आहेस का? हे काय विचारणं झालं?"

फोन गुरुवारी दुपारी आला. आई पिको करून घ्यायला बाजारात गेली होती. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि मी एका कानात बोट घालून ऐकत होते. पलीकडची मुलगी म्हणाली, "रीना मॅडमना द्या." मी म्हटलं, ती आत्ता इथे नाही. "मग त्यांना सांगा, सिलेक्शन झालंय. उद्या दहा वाजता ओरिजिनल घेऊन या. उद्याच या, आम्हाला जागा लगेच भरायचीय." मी म्हटलं, "सांगते." फोन ठेवला. कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

मी लगेच निघाले असते तर तासाभरात होळीला पोचले असते. मी चपला घातल्यासुद्धा. मग काढल्या. स्वतःला म्हटलं, ऊन उतरू दे. मग म्हटलं, आई आली की जाऊ. आई आली, तिने चहा केला, मी तो प्यायले. संध्याकाळी बाबा मोरीतून म्हणाले, "काय म्हणतायत?" आणि मी म्हटलं, "उद्या बोलावलंय. दहा वाजता. ओरिजिनल घेऊन." मी हे ठरवून बोलले नव्हते, ते तोंडातून बाहेर पडलं आणि मग परत घेता येईना. बाबा ओल्या हातांनी तसेच बाहेर आले. आईने मशीनवरचा हात काढला आणि देवाजवळ जाऊन उभी राहिली. त्या दोघांची तोंडं मला आजही दिसतात. मी आयुष्यात पुढे खऱ्या बातम्याही त्यांना सांगितल्या, पण तसा आनंद पुन्हा बघितला नाही.

सकाळी आईने घावणे केले, ओल्या नारळाचा रस केला. मी दोन खाल्ले. बाबा त्या दिवशी उशिरा निघाले, माझ्याबरोबर यायला म्हणून. वसई पूर्वेच्या नाक्यावर उतरलो तेव्हा म्हणाले, "गेटपर्यंत येऊ?" मी नको म्हटलं. ते तिथेच उभे राहिले आणि मी वळेपर्यंत बघत होते.

देसाई मॅडमनी मान वर केली. "रीना कुठाय?"

"तिने एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, मॅडम. ती येणार नाही. तिने मला यायला सांगितलं."

मी हे अगदी सहज म्हटलं. आवाज कापला नाही. टायट्रेशनला थरथरणारा माझा हात त्या वेळी टेबलावर दगडासारखा स्थिर होता, याचं मला नंतर कितीतरी दिवस भय वाटत राहिलं. मॅडमनी एक यादी बघितली. "ठीक आहे. तसंही दुसरं नाव तुझंच होतं. हा फॉर्म भर. ओरिजिनल आणलेत ना?" मी फाइल पुढे केली. त्यांनी ती न उघडता बाजूला ठेवली आणि फोनवर कुणाशी तरी रंगाच्या डब्यांबद्दल बोलायला लागल्या.

फॉर्म चार पानांचा होता. नाव, पत्ता, वडिलांचा व्यवसाय, आजार आहेत का. मी भराभर लिहीत गेले. शेवटच्या पानावर होतं: तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींची नावं. पहिलं आमच्या सरांचं लिहिलं. दुसऱ्यासाठी विचार करावा लागलाच नाही. हात आपोआप चालला आणि 'रीना' लिहून मोकळा झाला. पुढे फोन नंबराची चौकट होती. तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून तिथे काय लिहायचं याचा विचार करायला लागले, आणि पेन तिथेच राहिलं. त्या चौकटीत लिहिण्यासारखा एकच नंबर होता, माझा स्वतःचा.

मॅडमचा फोन संपला. "झालं?"

"मॅडम, ती एम.एस्सी. करत नाहीये," मी म्हटलं. "तिला माहीतच नाही. फोन माझ्याकडे आला होता. मी तिला सांगितलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं ओरडतील. त्या इतकंच म्हणाल्या, "म्हणजे खोटं बोललीस?"

"हो."

"आणि आता मी काय करू? मला आज माणूस हवंय."

"ती येईल, मॅडम. मी आत्ता जाऊन सांगते. होळीला राहते. प्लीज."

त्यांनी घड्याळ बघितलं. "एक वाजता मी इथून निघते. त्याच्या आत आली तर आली. तुझी फाइल घे." मी दाराशी पोचल्यावर मागून म्हणाल्या, "आणि तू परत इथे अर्ज करू नकोस."

स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला आले, वसई गावाची बस नुकतीच सुटली होती. रिक्षात बसले. रिक्षावाला वाटेत दुसरं गिऱ्हाईक घ्यायला थांबला तेव्हा मी त्याच्या अंगावर ओरडले, आणि त्याने आरशातून माझ्याकडे बघून गाडी काढली. मी रडत होते हे मला त्याच्या बघण्यावरून कळलं.

रीना वाडीत होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि ॲनी आंटी बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मला बघून रीना हसली. "अगं, तू? फोन तरी करायचास." मग स्वतःच म्हणाली, "कुठे करणार म्हणा, बावखलात?"

"काल दुपारी फोन आला," मी म्हटलं. "तुझं झालंय. आज दहाला बोलावलं होतं."

"काल?"

"हो."

"मग आत्ता काय सांगतेस?"

"मी सांगितलं नाही. मीच गेले तिथे. तू एम.एस्सी. करतेयस म्हणून सांगितलं. मग मॅडमना खरं सांगितलं. एकच्या आत गेलीस तर अजून घेतील. रीना, जा ना. जा लवकर."

 तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. जिथे होतं तिथे मग काहीच राहिलं नाही. तिने पाटाच्या पाण्यात पाय धुतले, आधी एक, मग दुसरा, अगदी नीट. आईला त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलली, ती मला कळली नाहीत आणि मी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. घरात गेली, ड्रेस बदलून फाइल घेऊन आली, आणि भावाची स्कूटर काढून माझ्या अगदी जवळून निघून गेली. तिने मला मागे बस म्हटलं नाही. वळूनही बघितलं नाही.

मी तिथेच उभी. ॲनी आंटीने जुडी खाली ठेवली. "काय झालं तुमचं?"

"माझी चूक झाली, आंटी. फार मोठी."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. किती समजली होती कोण जाणे. "जेवलीस?"

"नको."

"चूक झाली म्हणून जेवायचं नाही, असं कुठे असतं का? चल." तिने मला हाताला धरून ओसरीवर बसवलं आणि भात वाढला, वर बोंबलाचं कालवण. सांगायला लाज वाटते, पण मी सगळं खाल्लं. मला भूक लागली होती. आजही कुणी पश्चात्तापाबद्दल मोठं काही बोलायला लागलं की मला ते ताट आठवतं, आणि मी गप्प बसते.

कॉलेजात पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते. प्रवेशाच्या खिडकीवर फारशी गर्दी नव्हती. क्लार्कनी माझा एकेक कागद मोजून बाजूला ठेवला आणि चष्म्यावरून बघितलं. "विचार केलायस ना? एकदा जमा केलं की परत मागायला यायचं नाही. दरवर्षी मुली येतात आठ दिवसांनी, सर, इंटरव्ह्यू आहे, एक दिवस द्या म्हणून. मी देत नाही."

मी विचार केला होता असं म्हणता येणार नाही. पुढे मी शिकवायला लागले, आणि आता इतकी वर्षं झाली तरी दर जूनमध्ये कोणीतरी येऊन विचारतंच, मॅडम, पुढे शिकू की नोकरी बघू? त्यांना वाटतं मी त्या वेळी काहीतरी तोलूनमापून ठरवलं असेल. मी ठरवलं ते भीतीने. आणखी एका गेटवर, आणखी एका फॉर्मसमोर मी बसले असते तर त्या वेळी शेवटच्या पानावर माझं पेन थांबलं असतं याची मला खात्री वाटेना. शुक्रवारी ते थांबलं, पण त्यात माझा काही पराक्रम नव्हता. मला स्वतःलाच दोन वर्षं कुठेतरी ठेवून द्यायचं होतं. "विचार केलाय," मी म्हटलं, आणि त्यांनी शिक्का मारला. विषयाची ओढ नंतर लागली, दुसऱ्या सत्रात, आणि ती खरी होती; पण त्या खिडकीशी ती नव्हती, हे इथे लिहून ठेवते.

घरी आईने शेजारी साखर वाटली होती. बाबा लवकर आले होते, हातात मिठाईचा पुडा. मी पंख्याखाली उभी राहून सगळं सांगितलं. फोनपासून, चपला काढण्यापासून. काही वगळलं नाही. आई मधेच आत निघून गेली. तिच्या हुंदक्यांचा आवाज पडद्याने अडला नाही. बाबा पुडा मांडीवर तसाच धरून बसले होते. मला वाटलं आता ते विचारतील, असं का केलंस. त्यांनी विचारलं, "ती पोर वेळेत पोचली का?"

"माहीत नाही, बाबा."

"आधी ते कळायला हवं," ते म्हणाले, आणि पुडा न उघडता फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर जाताना त्या कंपनीच्या गेटवर थांबले आणि वॉचमनशी बोलून आले. हे त्यांनी मला संध्याकाळी मोरीतून सांगितलं. नेहमीचा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. पाणी बंद करून म्हणाले, "घेतलं तिला. काल पावणेएकला आली होती. आज सकाळी आठच्या पाळीला हजर." मग जेवायला बसले. मीही बसले.

रीनाला मी दोन पत्रं लिहिली, हाताने. उत्तर आलं नाही. नवीन फोन तिने घेतला असणार, पण तो नंबर मला कोणी दिला नाही आणि मी मागितला नाही. कॉलेजच्या वाटेवर होळीचा फाटा लागायचा. तिथे मी बसमध्ये दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघायचे. नाताळ आला आणि गेला. तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं नाही, तेव्हा मला किती हलकं वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही.

मग एका रविवारी वसईच्या बाजारात ती दिसली. ॲनी आंटीची तब्येत बरी नसावी. तिच्या जागी रीना भाजी घेऊन बसली होती. केस कापले होते, मनगटावर घड्याळ होतं. मी पाठ फिरवून जाऊ शकले असते. गेले नाही. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने वर बघितलं आणि जुड्यांवर पाणी शिंपडत राहिली.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"बरी आहे." मग ती म्हणाली, "तू त्या दिवशी येऊन सांगितलंस ते चांगलं केलंस, असं आई म्हणते." हातातली जुडी तिने झटकली. पाण्याचे थेंब माझ्या पायांवर उडाले. "मी नाही म्हणत."

मी मान हलवली.  मागे एक म्हातारे गृहस्थ वांग्यांचा भाव विचारत उभे होते. मी मेथीच्या दोन जुड्या मागितल्या. तिने त्या दिल्या, पैसे घेतले, उरलेले माझ्या हातावर न ठेवता टोपलीच्या कडेला ठेवले, आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "बोला काका, किती देऊ?"